पाऊण ग्रॅम चांदी

कंपनीनं पाठवलेल्या फाइलीत पहिलाच फोटो चांदीच्या लादीचा होता. दोन मिशाळ माणसं दोन बाजूंनी ती धरून उभी, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘कोबाल्ट, ऑंटारिओ’. फोटो शंभर वर्षांपूर्वीचा, आणि ती जागा कंपनीच्या क्लेमपासून (क्लेम म्हणजे खनिज शोधण्याचा हक्क घेतलेली जमीन) वीसेक किलोमीटर लांब. हे अंतर फाइलीत कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी नकाशावर फूटपट्टी ठेवून काढलं.

काम असं होतं. टेमिस्कामिंग सरोवराच्या पश्चिमेला, सिल्व्हर सेंटर या ओसाड पडलेल्या खाणगावाच्या अलीकडे, या छोट्या कंपनीनं चौदा क्लेम घेतले होते. तिला शेअर बाजारात उतरायचं होतं. त्यासाठी कॅनडात स्वतंत्र भूवैज्ञानिकाचा तांत्रिक अहवाल लागतो, ‘नॅशनल इन्स्ट्रुमेंट ४३-१०१’ या नियमाबरहुकूम लिहिलेला. बोलताना सगळे नुसतं ‘फोर्टी-थ्री वन-ओ-वन’ म्हणतात. नियम २००१ चा, पण त्याचं मूळ १९९७ च्या ब्रे-एक्स प्रकरणात आहे. इंडोनेशियात बुसांगला सोन्याचा अफाट साठा सापडला म्हणून त्या कंपनीचे शेअर आकाशाला भिडले, आणि मग उघड झालं की नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं होतं. तेव्हापासून अहवालाखाली एका माणसानं नावानिशी सही करायची: मी स्वतः जागेवर गेले, मी तपासलं, यातलं म्हणणं माझं आहे. त्या माणसाला ‘क्वालिफाइड पर्सन’ म्हणतात. दुसऱ्यांच्या अहवालांना मी पूर्वी हातभार लावला होता, पण स्वतःच्या सहीचा हा पहिलाच.

संचालक फोनवर गोड बोलले. अर्धे पैसे रोख देऊ, अर्ध्यांचे शेअर घे, पुढेमागे सोनं होईल म्हणाले. (चांदीच्या कंपनीनं हे म्हणावं!) मी नको म्हटलं. शेअर घेतले की मी स्वतंत्र राहत नाही आणि अहवालाचा कागद रद्दीत जातो. मग त्यांनी रोख रकमेवर घासाघीस केली, ती मात्र अगदी मनापासून.

माझं शिक्षण पुण्यात झालं आणि पहिली नोकरी भंडारा जिल्ह्यातल्या एका उघड्या मँगनीजच्या खाणीवर. तेव्हा बायकांना जमिनीखाली काम करायला भारतात कायद्यानं मनाई होती. २०१९ मध्ये ती अटींसह सैल झाली, तोवर मी इकडे कॅनडात सडबरीला येऊन दोन खाणींच्या पोटात फिरून आले होते. तरी कोबाल्टच्या चांदीशी कधी संबंध आला नव्हता. म्हणून आधी महिनाभर सरकारी दप्तर वाचलं. ऑंटारिओत ही सोय उत्तम आहे. क्लेमवर कुणी काय काम केलं, कुठं भोक पाडलं, काय मिळालं, याचे अहवाल सरकारजमा होतात आणि कुणालाही घरबसल्या वाचता येतात. शंभर वर्षांत त्याच टेकाडावर किती जणांनी हात टेकले हे सकाळच्या चहाबरोबर कळतं.

कोबाल्टची कथा इथल्या भूवैज्ञानिकांना तोंडपाठ असते. १९०३ मध्ये उत्तरेकडे रेल्वे टाकली जात होती. तिला लाकडी स्लीपर पुरवणाऱ्या मॅकिन्ली आणि डॅरा या ठेकेदारांना तळ्याकाठी खडकात धातू दिसला. त्याच सुमारास फ्रेड लारोझ नावाच्या लोहारानं कोल्ह्याला हातोडा फेकून मारला, तो खडकावर आपटला आणि चांदी उघडी पडली, अशी दंतकथा आहे. लारोझच्या हाती लागलेला दगड तांब्याचा वाटला होता. नमुना प्रांताचा भूवैज्ञानिक विलेट मिलर याच्याकडे गेला, आणि हे तांबं नसून निकेल-आर्सेनिकचं तांबूस खनिज आहे हे त्यानं ओळखलं. मिलर स्वतः तिथं पोचला. चुलीच्या झाकणाएवढे चांदीचे तुकडे जमिनीवर पडलेत अशी नोंद त्यानं केली आणि स्टेशनला कोबाल्ट हे नाव दिलं. १९११ या एका वर्षात तिथून तीन कोटी औंसांच्या वर चांदी निघाली. एक औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, पावणेतीन तोळ्यांना जरा कमी. लोभ इतका की निपिसिंग कंपनीनं अख्ख्या टेकडीवरची माती पाण्याच्या झोतानं धुऊन काढली, कारण एकही शीर, म्हणजे खडकाच्या भेगेत भरलेला खनिजाचा पट्टा, मातीखाली लपून राहायला नको होती. ती टेकडी आजही बोडकी दिसते.

आता आमचे क्लेम. सरकारी नकाशात ते पिवळ्या चौकटींत दिसत होते, आणि बरोबर मधोमध एक वेडावाकडा आयत पांढरा. तो जुना पेटंट, म्हणजे शतकापूर्वी कायमच्या मालकीनं दिलेली खाणजमीन. तिच्यावर क्लेम घेता येत नाही. संचालकांच्या सादरीकरणात जी ‘आमच्या मालमत्तेवरची ऐतिहासिक विहीर’ होती, म्हणजे खाणीत उतरायचा उभा खड्डा, जिच्यातून १९२० च्या दशकात थोडी चांदी निघाली होती, ती या पांढऱ्या आयतात. म्हणजे दुसऱ्याची. क्लेमधारकाला तिथं पाय ठेवायलाही परवानगी लागते.

अहवालाच्या आराखड्यात तेविसावं प्रकरण ‘शेजारच्या मालमत्ता’ असं असतं. तिथं शेजाऱ्याबद्दल लिहिता येतं, पण त्याच्याकडे आहे म्हणून आपल्याकडेही असेलच असं नाही, हे स्पष्ट लिहावं लागतं. मी ती विहीर उचलून तेविसाव्यात टाकली. काही किलोमीटरवरच्या कीली-फ्रंटियर खाणीचाही त्यांनी गाजावाजा केला होता. तिथून एकूण सुमारे १.९ कोटी औंस चांदी निघाली. तीही तेविसाव्यात गेली. कीलीचा इतिहास मला खरं तर संचालकांना फोनवर वाचून दाखवावासा वाटला होता. फार्मर्स बँक ऑफ कॅनडा या बँकेच्या व्यवस्थापकानं ठेवीदारांचा पैसा त्या खाणीत ओतला, डिसेंबर १९१० मध्ये बँक बुडाली आणि व्यवस्थापक तुरुंगात गेला. गंमत पुढे आहे. १९२० च्या दशकात त्याच कीलीनं भरपूर चांदी दिली. खडकात चांदी होती हे त्या व्यवस्थापकाचं म्हणणं खरंच निघालं. कधी आणि किती खर्चानंतर मिळेल, एवढंच चुकलं होतं. ठेवीदारांना त्याचा उपयोग काय!

जूनच्या पहिल्या आठवड्यात जागेवर गेले. बरोबर मदतनीस म्हणून कंपनीनं दिलेला सत्तरी ओलांडलेला एक प्रॉस्पेक्टर होता. आयुष्यभर या जंगलात चांदी शोधत हिंडलेला, बोलायला लागला की न थांबणारा. काळ्या माश्यांचा हंगाम जोरात होता. या माश्या डासासारख्या टोचत नाहीत, कातडीचा लचका तोडतात. कानामागून रक्ताचा ओघळ आला की कळतं. डोक्यावर जाळी ओढून सुद्धा दोन आत शिरल्याच.

चालता चालता तो जुने दिवस सांगत होता. २०१८ च्या एप्रिलपर्यंत क्लेम घ्यायचा म्हणजे कुऱ्हाड घेऊन जंगलात जायचं. ईशान्येच्या कोपऱ्यावर पहिला खुंट, मग घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं आग्नेय, नैऋत्य, वायव्य. मधल्या रेषेवरच्या झाडांची साल छिलत जायचं, खुंटांवर पत्र्याच्या पट्ट्या ठोकायच्या. बर्फात, दलदलीत, कधी शेजारच्या कंपनीच्या माणसाशी शर्यत लावून. आता सगळं ऑनलाइन. नकाशावर चौकोन निवडा, एका चौकोनाचे पन्नास डॉलर भरा, झालं.

“आता पोरं पायजम्यात बसून क्लेम घेतात,” तो म्हणाला आणि थुंकला.

क्लेम टिकवण्यासाठी मात्र पायजमा पुरत नाही. दर चौकोनामागे वर्षाला चारशे डॉलरचं शोधकाम करून त्याचा हिशेब द्यावा लागतो. चौदा चौकोनांचे झाले ५,६०० डॉलर. काम झालं नाही तर मुदतीनंतर क्लेम गळतो आणि कुणीही उचलू शकतो. शिवाय यंत्र लावून भोक पाडायचं तर परवाना आणि त्याआधी तिथल्या आदिवासी समूहांशी बोलणी. हे कंपनीनं ‘औपचारिकता’ म्हणून एका ओळीत उरकलं होतं. मी दोन परिच्छेद लिहिले.

पहिलं काम जुनी भोकं शोधण्याचं. आधीच्या मालकानं सहा भोकं पाडली होती आणि त्यांचे अक्षांश-रेखांश नोंदवले होते. चार सापडली. लोखंडी नळीचं तोंड शेवाळातून वीतभर वर आलेलं, त्यावर पत्र्याची टोपी. तिसऱ्याची जागा नकाशातल्या जागेपासून ३८ मीटर सरकलेली निघाली. ३८ मीटर ऐकायला किरकोळ वाटतं. पण आपण शोधतोय ती वस्तू बोटभर रुंदीची आहे.

ही बोटभर वस्तू म्हणजे इथली शीर. जमिनीची रचना समजली की तिचा पत्ता अर्धा कळतो. तळाला अडीच अब्ज वर्षांहून जुने हिरवट ज्वालामुखी खडक, दाबानं दुमडून उभे राहिलेले. त्यांच्यावर हिमनद्यांनी आणून टाकलेला गोटे-वाळूचा राडा, दगड होऊन बसलेला. याला गोगांडा फॉर्मेशन म्हणतात. आणि सुमारे २.२ अब्ज वर्षांपूर्वी या दोन्हींत खालून घुसलेला शिलारस, जो आडवा पसरला आणि तीनेकशे मीटर जाडीची काळी चादर होऊन गोठला. ही निपिसिंग डायाबेसची सिल. डायाबेस म्हणजे आपला डोलेराइट. कॉलेजच्या सहलीत धुळे-नंदुरबारकडे पठारावर लांबच लांब भिंतींसारख्या डाइक पाहिल्या होत्या, त्यातलाच हा कणीदार काळा दगड. त्यावर हातोडी मारली की तोच ठणका हातात येतो. एवढ्या लांब येऊन पहिल्यांदा ओळखीचं कुणी भेटल्यासारखं झालं, फक्त ही ओळख आपल्या सह्याद्रीहून दोन अब्ज वर्षांनी थोरली.

चांदीच्या शिरा या चादरीच्या काठाला धरून राहतात, वरच्या किंवा खालच्या काठापासून साधारण दोनशे मीटरच्या आत. कोबाल्टला मुख्यतः सिलखालच्या गोटेमिश्र खडकात, गोगांडा नावाच्या दुसऱ्या खाणगावाला सिलच्याच अंगात. शीर कॅल्साइट-डोलोमाइटची, पांढरी नाहीतर फिकट गुलाबी, जवळजवळ उभी. तिच्यात कोबाल्ट आणि निकेलची आर्सेनिकयुक्त खनिजं, आणि नशीब असेल तर अस्सल धातुरूप चांदी, तारांसारखी किंवा पानांसारखी. म्हणून माझं काम चांदी शोधण्याचं नव्हतं. सिलचा काठ या चौदा चौकोनांतून नेमका किती लांब जातो आणि त्यातला किती कुणी तपासलेला नाही, हे पाहायचं होतं. शोधाची शक्यता मोजायची ती याच मापानं. सरकारी नकाशात काठाची रेघ एका दलदलीतून सरळ ओढली होती. चार दिवस आम्ही दोन्ही बाजूंचे उघडे खडक पाहत गेलो. रेघ उत्तरेकडे वाकली आणि काठाचा मोठा भाग पांढऱ्या आयतातून बाहेर, कंपनीच्या चौकोनांत आला. ही कंपनीसाठी खरी चांगली बातमी होती. सादरीकरणात तिला जागा मिळाली नाही, कारण वाकलेल्या रेघेचा फोटो निघत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी म्हातारा एका उताराशी थांबला आणि हातोडीनं शेवाळ खरवडलं. खाली भेगेत गुलाबी-जांभळी बुरशी आल्यासारखं काही होतं, होळीनंतर अंगणात उरलेल्या शिळ्या गुलालासारखं. कोबाल्ट ब्लूम. आतलं कोबाल्ट-आर्सेनिक हवापाण्यानं कुजलं की असा रंग धरतं. शीर दोन सेंटिमीटरची, सात-आठ पावलांवर मातीत गडप. पाचशे पावलांवर तसंच आणखी एक. चांदी डोळ्यांना कुठं दिसली नाही. त्यानं खिशातून पाण्याची बाटली काढून मला दिली आणि खालच्या ओढ्याकडे बोट केलं. “तिथलं प्यायचं नाही. जुन्या विहिरीच्या अंगाला आर्सेनिक आहे.”

जुन्या भोकांचा गाभा जवळच्या एका शेडमध्ये लाकडी पेट्यांत रचलेला होता. ड्रिलमधून निघालेल्या दगडाच्या या दंडगोल कांड्या, ४७.६ मिलिमीटर व्यासाच्या. करवतीनं उभ्या कापून अर्धा भाग आधीच्या मालकानं प्रयोगशाळेत पाठवलेला आणि अर्धा पेटीत ठेवलेला. सगळ्या प्रकल्पाचा डोलारा चौथ्या भोकातल्या एका नमुन्यावर उभा होता: ३० सेंटिमीटर लांबी, टनामागे हजार ग्रॅमच्या थोडी वर चांदी. पेटीतला अर्धा तुकडा उन्हात धरून पाहिला. मधे तीन सेंटिमीटरची कॅल्साइटची शीर, तिच्यात एक चंदेरी रेष. भिंगातून पाहिलं तेव्हा खरंच अंगावर शहारा आला. मी तो अर्धा पुन्हा उभा कापला. एक चौथाई पेटीत परत ठेवला आणि जेमतेम चारशे ग्रॅम वजनाचा दुसरा चौथाई पिशवीत सील करून स्वतः गाडीनं प्रयोगशाळेत नेला.

प्रयोगशाळा कर्कलंड लेकच्या शेजारच्या गावात होती, आणि त्या गावाचं नाव स्वस्तिक! एका सोन्याच्या खाणीवरून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पडलेलं. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं ते बदलून चर्चिलसाहेबांच्या नावानं विन्स्टन करायचं ठरवलं, पण गावकरी अडून बसले. आमचं नाव हिटलरच्या आधीचं आहे, म्हणाले. आईला पाटीचा फोटो पाठवला. तिनं तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

तीन आठवड्यांनी निकाल आला. टनामागे ६४ ग्रॅम.

आधी मलाच वाटलं, पिशव्यांची अदलाबदल झाली. प्रयोगशाळेतल्या बाईंनी शांतपणे समजावलं, आणि धातुरूप चांदीबद्दल मी पुस्तकात वाचलेलं सगळं त्या पाच मिनिटांत खरं झालं. दगड दळला जातो, चांदी दळली जात नाही. चक्कीत ती चपटी होते, पापडासारखी. पीठ चाळलं की पत्रे चाळणीवर राहतात. त्यांची तपासणी वेगळी करावी लागते, नाहीतर आकडा फसवतो. शिवाय ते पत्रे चक्कीला चिकटून पुढच्या नमुन्यात जातात, म्हणून मधे नुसता गारगोटीचा दगड दळून चक्की धुवायची. माझ्या नमुन्यात हे सगळं केलं होतं. तरी ६४. याचा अर्थ एवढाच, की ती चंदेरी रेष पेटीत परत ठेवलेल्या चौथाईत राहिली होती आणि माझ्या चौथाईत तिचं टोकही आलं नव्हतं.

रात्री हिशेब मांडला. ३० सेंटिमीटर अर्ध्या गाभ्याचं वजन पाऊण किलोच्या आसपास. टनामागे हजार ग्रॅम, म्हणजे त्या तुकड्यात चांदी पाऊण ग्रॅम. पैंजणाचं एक घुंगरू याहून जड असतं. तेवढ्यावर एक कंपनी शेअर बाजारात निघाली होती. पुढचा हिशेब त्याहून वाईट. ३० सेंटिमीटरला हजार ग्रॅम म्हणजे तीन सेंटिमीटरच्या शिरेत दहा हजार, ही बातमी भारी. पण खाणीत तीन सेंटिमीटरचा बोगदा काढता येत नाही, माणूस शिरायला निदान सव्वा मीटर रुंदी लागते. सव्वा मीटरवर पसरलं की हजाराचे २४० होतात. आणि तेही माझ्या ६४ कडे डोळेझाक केली तर.

संचालकांचा फोन आला तेव्हा गोडवा आटला होता.

“तो दुसरा नमुना अहवालात कशाला हवा? पहिला निकाल नामांकित प्रयोगशाळेचा आहे.”

“दोन्ही खरे आहेत,” मी म्हटलं. “म्हणूनच दोन्ही हवेत.”

“गुंतवणूकदार गोंधळतील.”

“मीही गोंधळले आहे. तेच लिहिते आहे.”

मला चांदी नाही असं म्हणायचं नव्हतं, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. कोबाल्टच्या पट्ट्यात ड्रिलिंगनं चांदी मोजता येत नाही, शिरेची जागा फक्त कळते. चांदी शिरेत मुठीमुठीनं असते. एक मूठ आणि पुढच्या मुठीत चार-दहा मीटर नुसतं कॅल्साइट. सुईनं टोचून पोहे किती शेंगदाण्यांचे आहेत हे सांगण्यासारखं ते आहे. जुने खाणवाले म्हणूनच शिरेच्या मागे बोगदा घेऊन जात आणि चालता चालता कळेल ते खरं मानत. माझ्या शिफारशी त्यामुळे रुक्ष निघाल्या. काठाचं नीट नकाशाकरण, दोन्ही गुलाबी जागांवर माती काढून शीर लांबवर उघडी करणं, आणि मुठीएवढे नाही तर वीस-तीस किलोचे नमुने. ड्रिलिंग त्यानंतर, तेही काही दिसलं तर.

आईनं फोनवर विचारलं, “मग मिळाली का गं चांदी?” तिला सांगितलं, आपल्याकडे राजस्थानात शिसं-जस्ताबरोबर जशी निघते तशी ही नाही, इथं नुसती धातूच्या रूपात असते, पण फार थोडी आणि लपून. “म्हणजे नाही मिळाली,” ती म्हणाली.

अहवाल गेला, सही गेली, कंपनी बाजारात उतरलीही. माझ्या ६४ नं कुणी गोंधळल्याचं ऐकलं नाही. ते पान बहुधा कुणी उघडलं नसावं. दीडेक वर्षात चांदीची हवा विरली, कंपनीनं नाव बदललं आणि लिथियमच्या मागे गेली. शोधकामाचा हिशेब कुणी भरला नाही, आणि मुदत संपली तशी चौदाही चौकोन गळाले.

गेल्या हिवाळ्यात म्हाताऱ्याचा फोन आला. वाकलेल्या रेघेवरचे, दोन्ही गुलाबी जागांचे चार चौकोन त्यानं घेतले होते. दोनशे डॉलर. मी विचारायच्या आत म्हणाला, “हो, पायजम्यातच.” मग त्यानं शेडचं विचारलं: चौथ्या भोकाची ती पेटी अजून तिथंच आहे का, आणि त्या तुकड्याचा शेवटचा चौथाई कुणी नेला तर नाही ना? मी म्हटलं, माझ्या माहितीप्रमाणे तरी तिथंच आहे, झाकणावर माझ्याच अक्षरात नंबर आहे.